ओल आणि पन्नास हर्ट्झ

आषाढ लागला की गोव्यातल्या चिऱ्याच्या घरात मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात आणि कंडेन्सर मायक्रोफोन टिचटिच करू लागतो. पहिल्या दोन तक्रारींवर घराघरांत उपाय आहेत. तिसरीवरही आहे, पण तो सापडायला बहुतेकांना एक-दोन पावसाळे लागतात. आधी केबल बदलून बघितली जाते, मग प्रीअँप, मग दुकानदाराला फोन. दोष यांपैकी कशातच नसतो. मायक्रोफोनच्या आत काही मायक्रॉन जाडीचा पडदा असतो, त्याच्या अगदी पाठीला लागून धातूची तबकडी, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत विद्युतभार कोंडलेला असतो. फटीत ओल शिरली की तो भार मध्येच गळतो. प्रत्येक गळतीची एक टिचकी. हवाबंद डबा, त्यात कोरडं सिलिका जेल, आणि एक रात्र. सकाळी मायक्रोफोन बहुधा गप्प झालेला असतो. जेलच्या दाण्यांचा रंग पालटला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोनेक तास भाजायचे, पुन्हा कामाला येतात.

प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या माणसाचं आयुष्य सांगायचं तर ते डब्यापासूनच सांगावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो काळोखातला लॅपटॉप, वायरींचा गुंता आणि मान खाली घालून बसलेला कुणीतरी. आतून हे काम बरंचसं सुताराच्या किंवा घड्याळजीच्या कामासारखं आहे. वस्तू बिघडते, ती का बिघडली ते शोधायचं, आणि तो बिघाड दुरुस्त करायचा की वाजवायचा ते ठरवायचं. बिघाडाचं संगीत करणारे पुष्कळ आहेत. पण ज्याला बिघाडाचं कारण ठाऊक नाही, त्याला तो बिघाड दुसऱ्यांदा वाजवता येत नाही.

गोव्यात ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक करतो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘हणजूणला वाजवतोस?’ विचारणाऱ्याची चूक नाही. १९८०च्या दशकात हणजूणच्या, म्हणजे अंजुनाच्या, किनाऱ्यावर परदेशी मंडळी युरोप-अमेरिकेतलं यंत्रसंगीत कॅसेटवरून रात्रभर वाजवू लागली. गाणं आणि शब्द कापून टाकायचे, नुसती लय लांबवत न्यायची, असा तो प्रकार. मग डॅट आली. सोनीनं १९८७ साली बाजारात आणलेली ही डिजिटल टेप उन्हात वाकत नसे, वाळूतही विनाइलपेक्षा जास्त टिकायची. पण तिच्या यंत्रावर सहसा वेग कमी-जास्त करता येत नसे. दोन तुकड्यांच्या लयी जुळवायच्या कशा? म्हणून सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला, नुसता तरंगत राहणारा भाग ठेवायची रीत पडली, म्हणजे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर बिनबोभाट बसतं. पुढं ज्याला जग ‘गोवा ट्रान्स’ म्हणू लागलं त्याचा तो धुकट आरंभ ही निम्मी तरी यंत्राची अडचण आहे. त्यातलं बरंचसं संगीत तयार झालं ते युरोपातल्या स्टुडिओंमध्ये. नाव आपलं, वाळू आपली, माडही आपले. पेडणे-सत्तरीतल्या कुणा पोरानं त्या दशकात तसलं एखादं यंत्र हाताळायला मिळवलं असेल तर ते नवलच.

तेव्हा इथल्या प्रयोगशील संगीतकारानं आपलं कूळ शोधायचं तर किनाऱ्यापेक्षा अहमदाबादला जावं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेतून आवाज घडवणारं यंत्र, बसवला. गीता साराभाई या उपक्रमाच्या पाठीशी होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्या ह्याच बाई. काही वर्षं त्या स्टुडिओत भारतीय हातांनी टेपवर काम केलं, मग सगळं थंडावलं. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि जवळजवळ पाच दशकांनी लोकांच्या कानावर आल्या.

दुसरं नाव चरणजित सिंग यांचं. मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. गिटार, बास, कीबोर्ड, जे सांगाल ते वाजवणारे. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं एकत्र जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र, आणि टीबी-३०३ नावाची एक लहानशी चंदेरी पेटी, जी खरं तर एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून बनवली होती. तबकडी चालली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच ३०३ मधून ‘अ‍ॅसिड’ नावाची अख्खी शैली निघाली, आणि २०१० साली चरणजितांची तबकडी नव्यानं निघाल्यावर जगानं डोळे विस्फारले. मग म्हातारपणी ते युरोपच्या मंचांवर वाजवून आले. २०१५च्या जुलैमध्ये गेले.

ही गोष्ट ‘काळाच्या पुढे असलेला माणूस’ म्हणून फार सांगितली जाते आणि त्यात यंत्राची खुमारी हरवते. ३०३ वर सुरावट भरायची तर आधी नुसते स्वर भरावे लागतात, मग दुसऱ्या फेरीत त्यांची लांबी. दोन्ही एकत्र भरता येत नाहीत. दुसऱ्या फेरीत एक घर चुकलं की सगळे स्वर पुढं सरकतात आणि भलतीच सुरावट हाती लागते. या यंत्रात ‘स्लाइड’ नावाची एक सोय आहे: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. आपल्या कानाला ती लगेच मींड वाटते. पण मींड गायकाच्या मनाप्रमाणे लांबते-आखूडते. ३०३ चं घसरणं ठरलेल्या वेळात उरकतं. शिवाय यंत्राचे बारा स्वर समान अंतरावर ठोकलेले. भैरवचा आंदोलित कोमल रिषभ त्यात बसणार कुठून? चरणजितांनी तो बसवायचा हट्ट धरला नाही. रागाचा सांगाडा घेतला, यंत्राची चाल घेतली, आणि दोन्हींमध्ये जी फट राहिली ती झाकली नाही. त्या तबकडीचं नवेपण त्या फटीत आहे, असं माझं मत.

ती फट आज मोजता येते. मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) जोडून बनवलेल्या सिंथेसायझरमध्ये बहुधा एका व्होल्टला एक सप्तक असा हिशेब असतो. सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे एक सेंट सुमारे ०.८३ मिलिव्होल्टचा. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार समान अंतराच्या गंधारापेक्षा १४ सेंटनी खाली असतो, म्हणजे जेमतेम साडेअकरा मिलिव्होल्ट. आंदोलनासाठी स्वर वर-खाली २० सेंट हलवायचा तर १७ मिलिव्होल्ट पुरेत. पण हलवणारा संथ ऑसिलेटर साधारण वर-खाली पाच व्होल्ट देतो. तीनशेपट कमी करायचं झालं. एका नॉबनं ते जमत नाही, केसभर हललं की आंदोलनाचं हिंदोळ होतं. व्होल्टेज कमी करणारे दोन अ‍ॅटेन्युएटर एकामागोमाग लावले, किंवा मध्ये नेमका रेझिस्टर घातला, तर हाताला वाव मिळतो. आणि हे सगळं यंत्र चालू करून अर्धा तास गेल्यावर करायचं. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापेपर्यंत स्वर सोडत राहतो. थंड यंत्रावर लावलेला षड्ज मैफलीच्या मध्यावर षड्ज उरत नाही.

याच यंत्रांची एक फजिती जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. मॉड्यूलला वीज देणारी चपटी रिबन केबल असते, तिच्या एका कडेला लाल रेघ. ती रेघ उणे बारा व्होल्टच्या बाजूला यायला हवी. घाईत उलटी बसली, बटण दाबलं, आणि धूर. एक केबल, दोन सेकंद, महिन्याचा पगार.

आता खोलीकडे येऊ, कारण खोली हे पहिलं वाद्य आहे आणि तेच सगळ्यात कमी लोक लावतात. जुन्या घरातली साडेतीन मीटर रुंदीची खोली घ्या. गोव्याच्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. समोरासमोरच्या दोन चिऱ्याच्या भिंतींमध्ये जी सगळ्यात खालची लाट अडकते तिची कंपनसंख्या काढायला ३५० ला रुंदीच्या दुपटीनं, म्हणजे सातानं भागायचं. उत्तर येतं ५० हर्ट्झ. आपल्या विजेचीही कंपनसंख्या तीच. म्हणजे स्पीकरमध्ये विजेची बारीक घूं असली तर ही खोली तिलाच नेमकी फुगवून दाखवणार. आणि ऐकणारा माणूस खोलीच्या बरोबर मध्ये बसला असेल तर त्याला ती जवळजवळ ऐकूच येणार नाही, कारण मध्यभागी त्या लाटेचा दाब शून्याला टेकतो. असा माणूस खर्ज कमी वाटतो म्हणून वाढवत जातो, आणि तेच संगीत पणजीच्या सभागृहात लावलं की खुर्च्या थरथरतात. उपाय साधा आहे: बसायची जागा मध्यावरून हलवायची, त्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवायची, आणि कोपऱ्यांत दहा सेंटिमीटर जाडीची रॉकवूलची पॅनेलं उभी करायची. गोव्यात एक पथ्य जास्तीचं. पॅनेल भिंतीला चिकटवू नये. पाच-सहा सेंटिमीटर सोडून टांगावं. आवाजासाठी ते चांगलंच, आणि मागं वारा खेळला नाही तर सप्टेंबरपर्यंत पाठीवर काळी बुरशी धरते. काथ्याच्या गाद्या भिंतीला लावून काम भागतं असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं. त्या वरचे स्वर गिळतात, खर्जाला हातही लावत नाहीत.

विजेचं दुखणं मात्र उन्हाळ्याचं. मार्च-एप्रिलमध्ये जांभ्याची जमीन खोलवर सुकते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि तिचा विरोध वाढतो. पावसात नव्हती ती घूं अचानक उपटते. खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी ओतलं की पुष्कळदा ती उतरते. शेजाऱ्याला हा जपाचा प्रकार वाटतो. तरीही राहिली तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्यायची, कारण दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये जो बारीक फरक असतो तोच केबलच्या जाळीतून फिरत राहतो आणि घूं म्हणून ऐकू येतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबत असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांतला थेट विद्युतजोड तोडणारी डबी, हवी. प्लगची तिसरी पिन कापणारे महाभाग अजून आहेत. ती पिन जीव वाचवायला असते. घूं घालवायला जीव पणाला लावू नये. आणि वीज गेल्यावर लागणारा घरगुती इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा असेल तर ध्वनिमुद्रण थांबवून चहा घ्यावा. त्या लाटेतून ५० च्या विषम पटीतले सगळे आवाज मधमाशांसारखे केबलीत शिरतात.

पावसाळ्यात बाहेर जाणं नाही, मैफली नाहीत. हेच कामाचे महिने. पत्र्यावरचा पाऊस आणि कौलांवरचा पाऊस हे दोन वेगळे ऐवज आहेत. पत्रा प्रत्येक थेंबाला आपला धातूचा स्वर जोडतो. कौल थेंब पिऊन टाकतं आणि त्यांची एक सपाट चादर होते. पत्र्याचा आवाज हवेतून घेण्यापेक्षा पत्र्यातूनच घ्यावा. त्यासाठी लागते बझरमधली पिएझो चकती, २७ मिलिमीटरची, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहा-भज्यांच्या पैशात मिळते. जाळीची वायर घ्यायची. आतली तार मधल्या पांढऱ्या भागाला, जाळी पितळी कडेला. सोल्डरिंगचं टोक पांढऱ्या भागावर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर वरचा चांदीचा थर सुटतो आणि चकती मेली. जोड जमला की वर नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे, दुहेरी चिकटपट्टीनं पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटवायची. आणि मग नव्वद टक्के लोक निराश होतात, कारण ऐकू येतो तो पातळ, पत्र्याहूनही पत्रट आवाज. चूक चकतीची नसते. ही चकती म्हणजे सुमारे २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ती दोन हजार ओहमच्या मायक्रोफोन इनपुटमध्ये खोचली तर ४००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. तीच गिटारच्या दहा लाख ओहमच्या इनपुटमध्ये लावली तर ही सीमा आठ हर्ट्झवर येते. त्याच चकतीतून मग पत्र्याखालची लाकडी पट्टी, खिळे, वाऱ्यानं उचललं जाणारं टोक, सगळं ऐकू येतं. खोच बदलली, एवढंच.

हा पाऊस संगणकात आला की त्याचे कण करायचे. २० ते ८० मिलिसेकंदांचे तुकडे, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना उतार, नाहीतर प्रत्येक तुकड्याला टिचकी लागते. हे कण सेकंदाला पाच-सात सोडले तर थेंब वाटतात. वीसच्या पुढं गेलं की कान मोजायचं सोडून देतो आणि त्यातून स्वर ऐकू लागतो. नेमके पन्नास सोडले की पुन्हा तो आपला ५० हर्ट्झ, या वेळी पावसानं वाजवलेला. कामाचा आनंद असल्या ठिकाणी असतो, आणि तो दुसऱ्याला सांगता येत नाही.

चवथ आली की घुमट बाहेर निघतात. मातीचं मडकं, दोन्ही तोंडं उघडी. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मोकळं. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं आणि आता शेळीचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसावाद्य ठरवलं. आरतीला बसलेला घुमटकार एका हातानं कातड्यावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंडावर उघड-मीट करतो. तोंड झाकत गेलं की आतल्या हवेचा स्वर खाली उतरतो. सिंथेसायझरच्या भाषेत हा हातानं फिरवलेला फिल्टर आहे, आणि कुठल्याही नॉबपेक्षा चपळ.

घुमटाचं ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडून होणारी मोठी चूक म्हणजे दोन्ही तोंडांना एकेक मायक्रोफोन लावायचा आणि दोन्ही तसेच मिसळायचे. खर्ज गायब होतो. कारण थाप पडली की कातडं आत जातं. बाहेरच्या मायक्रोफोनपुढची हवा त्याच क्षणी विरळ होते आणि मागच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते. एक लाट खाली, दुसरी वर, बेरीज शून्याकडे. मागच्या मायक्रोफोनची पोलॅरिटी उलटवायची, की मडकं पुन्हा भरतं. अंतराचाही हिशेब ठेवायचा. एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा ३० सेंटिमीटर लांब असेल तर त्याचा आवाज ०.८६ मिलिसेकंद उशिरा येतो. सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं (सॅम्पल) घेतली तर ते ४१ सॅम्पल. तेवढा ट्रॅक मागं ओढायचा आणि मग कानानं खात्री करायची. मागचा मायक्रोफोन तोंडासमोर सरळ धरू नये, हवेचा झोत पडद्यावर आदळतो. तिरका, वीतभर बाजूला. आणि आरतीच्या मध्ये ‘जरा थांबा, पुन्हा एकदा घेऊ’ म्हणायची सोय नसते. शामेळ हे चर्मवाद्य आणि कांसाळे, म्हणजे झांजा, सुरू झाले की आवाज एकदम चढतो, म्हणून मुद्रणाची पातळी आधीच उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवून बसायचं. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडल्यानं काही बिघडत नाही. फाटलेला आवाज मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला पुरता शिवता येत नाही.

डिसेंबर-जानेवारी हा वाजवायचा हंगाम. दशावतारी मंडळींसारखाच. उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. वर्षातल्या पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्याला आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. किनाऱ्यावर या नियमाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रयोगशील संगीतकाराला मात्र तो फारसा जाचत नाही, उलट कामालाच येतो. हळू आवाजात ऐकायचं संगीत लोकांनी साडेसातला येऊन, बसून ऐकावं. जुन्या वाड्याची ओसरी, चाळीस खुर्च्या, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. तिथं मागच्या वाडीतला बेडूक आणि समोरचा सिंथेसायझर यांत कुणाला फरक कळला नाही तर बिघडलं काही?

वाजवायला जाताना लॅपटॉपवर कमीत कमी भार. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पल ठेवला तर ५.३ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ ला १०.७. हातानं ताल वाजवायचा नसेल तर ५१२ च बरा, कारण दमट सभागृहात पंखा गळून लॅपटॉप तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो आणि आवाजात भोकं पडतात. जड इफेक्ट घरीच मुद्रित करून न्यावेत. खिशात एक लहान रेकॉर्डर असावा, त्यात वीस मिनिटांची तयार फाइल. तो कधी लागू नये, पण असल्यानं हात थरथरत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण पैसाही थोडकाच आहे. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर अल्बम सात डॉलरला विकला तर १५ टक्के कंपनीचे, वर पैसे पाठवण्याचा खर्च, आणि हातात सहा डॉलरहून कमी. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादा ट्रॅक वर्षभरात हजार वेळा वाजला नाही तर त्याचं काहीच मिळत नाही. या प्रकारातले बरेच ट्रॅक त्या रेषेच्या अलीकडेच राहतात. म्हणून पोटासाठी वेगळं काम: कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतल्या नाटकाचं ध्वनिसंयोजन, माहितीपट, प्रदर्शनातलं आठ स्पीकरांचं मांडकाम, शिकवण्या. देणारा दहा टक्के टीडीएस कापून देतो. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं, आणि कलावंत नेमका तिथंच आळस करतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनं सिनेमातल्या संगीतकाराला मानधनापलीकडच्या रॉयल्टीत वाटा दिला आहे. तरी कंत्राट वाचून सही करावी. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ हे शब्द छोट्या टंकात असतात.

नाटकाचं काम कमी लेखू नये. दुसऱ्याच्या वाक्याच्या मागं किती शांतता ठेवायची, हे एकट्यानं अल्बम करून कळत नाही.

कानांचं काय? ८५ डेसिबल आठ तास, ही सर्वसाधारण सुरक्षित सीमा. तिथून दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. स्टुडिओत ७५च्या आसपास काम करावं. स्पीकरचा आवाज एवढाच असावा की शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली तर ऐकू यावी. कान शिट्टी घालू लागले आणि ती सकाळपर्यंत थांबली नाही तर ते यंत्र मात्र दुरुस्त होत नाही.

मे महिन्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी वर येतं. साळावली धरणाचं पाणी १९८०च्या दशकात त्या गावावर चढलं. उन्हाळ्यात ओसरलं की घरांचे चौथरे, विहिरी, सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं, आणि विस्थापित झालेले लोक तिथं भेटायला येतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या नावातलं कुर्डी ते हेच. थोडं उत्तरेला फोंड्यातलं केरी, केसरबाई केरकरांचं. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. साडेतीन मिनिटंच, कारण जुन्या ७८च्या तबकडीत तेवढंच मावायचं. तासभर राग मांडणाऱ्या बाईंना यंत्रानं दिलेली जागा ती एवढी.

कुर्डीत मुद्रण करायला जाणारे चुकीच्या वेळी जातात. दुपारी अडवायला एक झाड नसलेल्या त्या मैदानात वारा सुटतो, आणि मायक्रोफोनवर फोमची टोपी असली तरी नुसतं फडफडणं मिळतं. केसाळ आवरण हवं, ८० हर्ट्झच्या खाली कापणारं बटण दाबलेलं हवं, आणि वेळ पहाटेची, उजाडायच्या आधी. भेगाळलेल्या गाळात पिएझो चकती उभी खोचली की दिवस तापू लागल्यावर गाळ सुकताना तडकतो तो आवाज येतो. सगळा आठवडा तिथं घालवला तरी वापरण्याजोगी दहा मिनिटं मिळाली म्हणजे पुष्कळ.

४८ हजार, २४ बिट, स्टिरिओ: तासाला एक गिगाबाइट. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, एक घराबाहेर. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग गाव, मग मायक्रोफोन, म्हणजे संगणक आपोआप ओळीनं लावतो. उरलेलं सगळं वहीत, पेन्सिलीनं, कारण शाई ओल धरून पसरते. कुर्डी, सकाळी पाच चाळीस. चकती विहिरीच्या काठच्या दगडाला. वारा नाही. अकराव्या मिनिटाला टिटवी. लांबवर जेसीबी सुरू झाला, तोही ठेवला आहे.